कडेनं वाचायचं पुस्तक

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "वाचनालयातल्या गमती लिहा. तऱ्हेवाईक वाचक, मजेशीर तक्रारी. दिवाळीला लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणालो. गमती माझ्याकडे आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन मी लिहीनही. पण त्यांच्या मागे एक गोष्ट गेली चाळीस वर्षं उभी आहे. ती पुढे आल्याशिवाय बाकीच्यांना वाट मिळत नाही. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. दोन पानं लिहिली की मान दुखते. त्यामुळे एकदाच आणि सरळ लिहितो.

मी नागपुरात, सदरजवळच्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात नियतकालिक विभाग सांभाळला. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. चूक माझी आहे, इमारतीची नाही.

लोकांना वाटतं, वाचनालयातला माणूस दिवसभर वाचतो. मी दिवसभर ठसे मारायचो. पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत क्रमांक, मग पहिल्या पानावर ठसा, शेवटच्या पानावर ठसा आणि एक गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे प्रत्येक वाचनालयाचं ठरलेलं पान. कोणी पुढची-मागची पानं फाडून पुस्तक लंपास केलं, तरी ते आपलं हे त्या पानावरून सिद्ध करता येतं. आमचं गुप्त पान सतरावं होतं. त्यानंतर कार्ड. कर्ता, शीर्षक, गाव, पानं, आकार, टीप. एवढं झालं की त्या पुस्तकाला जगात जागा मिळाली असं आम्ही मानायचो. कार्ड नाही त्याला जागा नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी माझ्या टेबलावर असे कागद यायला लागले ज्यांना सतरावं पानच नव्हतं. कॉलेजातली पोरं सायक्लोस्टाइलवर काहीतरी काढायची. मेणाच्या कागदावर टाइप करायचं, शाईचा रूळ फिरवायचा, ओल्या प्रती दोरीवर वाळत घालायच्या. दोन अंक निघायचे, तिसरा भांडणात जायचा. नियमाप्रमाणे हा माल 'किरकोळ' या सदरात, आणि किरकोळ म्हणजे वर्षाअखेर रद्दी. फळीवर उभं राहत नाही ते पुस्तक नाही, असं आमचे तेव्हाचे ग्रंथपाल म्हणायचे. मी ते कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायला लागलो. का, ते नेमकं सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे दुसऱ्या कुठल्या वाचनालयात नव्हतं. त्यात साहित्यप्रेम किती आणि हाव किती, हे मी अजून वेगळं करू शकलेलो नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या चार-पाच वर्षांत हे कागद आणखी बिघडले. बिघडले हा तेव्हाचा शब्द. सदरमध्ये एका रेल्वे गार्डचं कुटुंब राहायचं, त्यांची मुलगी विलायतेत नर्स होती. तिनं भावाला कॅसेटींसोबत एक पुस्तिका पाठवली. वर्तमानपत्रातून फाडलेली अक्षरं, वेडीवाकडी चिकटवलेली, झेरॉक्स केलेली, आणि टाचणीऐवजी पाठीत चक्क सेफ्टी पिन. ती पुस्तिका चहाच्या टपऱ्यांवरून फिरत फिरत माझ्याकडे आली आणि मी तिला ठसा मारला. एक निवृत्त शाळा तपासनीस आमच्याकडे रोज येत. त्यांनी ती उघडली, पिन अंगठ्यात गेली. त्यांनी तक्रारवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रस्तुत प्रकाशन वाचकास टोचते. उचित कार्यवाही व्हावी.' मी खाली लिहिलं, 'नोंद घेतली.' दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि हळूच म्हणाले, "ते कालचं टोचणारं, जरा पुन्हा द्या बरं. शेवट राहिला वाचायचा."

त्या पुस्तिकेनं आमच्या पोरांना पिसाळून सोडलं. पुस्तक छापखान्यातच होतं असं नाही, हे त्यांना एकाएकी कळलं. कोणी बसच्या तिकिटांचं पुस्तक केलं. कोणी एक्स-रेच्या फिल्मवर कविता कोरली. धरमपेठेतल्या एका प्राध्यापकांचा मुलगा होता, त्याला इथे विनायक म्हणतो, हे त्याचं खरं नाव नव्हे. त्यानं चारही बाजूंनी शिवून टाकलेलं पुस्तक आणून दिलं. मी विचारलं, "पानं किती लिहू?"

"उसवून मोजा," तो म्हणाला. "पण उसवलं की ते पुस्तक राहत नाही."

कार्डावर मी लिहिलं: 'पाने: शिवलेली.' ते कार्ड त्या टोळक्यात गाजलं. पोरं मला त्यांच्यातला समजायला लागली. चाळिशी उलटलेला, मोपेडवर डबा अडकवून येणारा माणूस, आणि ही केस वाढवलेली पोरं मला 'पातुरकर साहेब, तुमच्यासाठी एक प्रत राखून ठेवली' म्हणायची. मला ते फार आवडायचं.

त्या टोळक्यात देवा रामटेके होता. बाकीचे कॉलेजातले, हा नव्हता. त्याचे वडील इतवारीच्या धान्यबाजारात हमाल. देवा स्वतः पत्र्याचे छापे कापायचा. धान्याच्या पोत्यांवर व्यापाऱ्याचा मार्का, वजन, गावाचं नाव असतं ना, ते पत्र्यात अक्षरं कापून, वरून शाईचा बोळा फिरवून उमटवतात. ते कापायचं काम बारीक. 'ठ'च्या पोटातला गोल सुटा पडू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा पत्र्याचा बारीक पूल कुठे ठेवायचा, हे हाताला कळावं लागतं. देवाचा हात तसा होता. बोलणं कमी. विनायकच्या गच्चीवर सगळे जमायचे, तिथे तो कोपऱ्यात पत्रा आणि छिन्नी घेऊन बसायचा.

एका दुपारी तो एकटाच वाचनालयात आला. दारात चप्पल काढली. मी म्हणालो, "अरे, इथे चप्पल चालते."

"चालत असंन साहेब. मी आपला काढून राहिलो."

त्यानं पिशवीतून खाकी कागदाचं पुस्तक काढलं. हातानं शिवलेलं, वहीच्या आकाराचं. वर पोत्यावरच्या ठोकळ अक्षरांत नाव: 'हुक मारू नये'. नाजूक मालाच्या पोत्यांवर ही सूचना असते, कारण हमाल पोतं उचलायला लोखंडी हुक मारतात. आत प्रत्येक पानाच्या मधोमध एकेका व्यापाऱ्याचा मार्का, पोत्यावर असतो तसाच, काळ्या शाईत. शेवटच्या पानावर एका माणसाची पाठ, वाकलेली, आणि पाठीवर तीच सूचना. पानांच्या कडा लाल होत्या. मी नाकाजवळ नेलं आणि सटासट शिंकलो.

देवा पहिल्यांदाच हसला. "भिवापूरची मिरची हाय साहेब. गोंदात कालवून लावली. मामा थ्याच गावचा."

"पुस्तकाला तिखट?"

"मंग? बापाच्या पाठीले रोजच झोंबते. वाचनाऱ्याले एक दिवस झोंबलं त काय झालं?"

मी पानं उलटत होतो. त्यानं बोट ठेवून मला थांबवलं. "असं नाही साहेब. हे पुस्तक कडेनं वाचाचं हाय."

तेव्हा मला दिसलं. प्रत्येक पानाच्या अगदी काठावर, त्या लाल पट्टीत, नखाएवढ्या उंचीची अक्षरं छापली होती. एका पानावर एक नाव. मधे पोत्याच्या मालकाचा मार्का, काठावर ते पोतं वाहणाऱ्या हमालाचं नाव. चौदा पानं, चौदा नावं. त्यातलं एक त्याच्या वडिलांचं. आणि शेवटच्या पानाच्या काठावर, वाकलेल्या पाठीशेजारी: 'देवा रामटेके यानं केलं.'

असं पुस्तक त्याआधी माझ्या हातात आलं नव्हतं. त्यानंतरही आलं नाही. मी ठसा मारताना दोनदा विचार केला, आणि मार्क्यावर न मारता कोपऱ्यात मारला. कार्ड केलं. पण 'कडेनं वाचायचं' हे कार्डावर लिहिलं नाही. कसं वाचायचं यासाठी कार्डावर जागा नसते. आणि कर्त्याच्या ओळीत 'सामूहिक' असं लिहिलं. कारण विनायकच्या गच्चीवरून आलेल्या सगळ्यांवर मी तसंच लिहायचो. हातानं सवयीनं लिहिलं. एकूण सातच प्रती होत्या, सहा त्यानं वाटून टाकल्या होत्या. "माह्याजवळ ठिवून काय करू? पाऊस घरात येते," तो म्हणाला. "इथं राहीन."

इथे राहील. हे त्याचे शब्द.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सुट्टे अंक आणि पातळ पुस्तिका वर्षाअखेर एकत्र बांधून बायंडरकडे जातात. तो त्यांची जाड पुस्तकं करतो. वेगवेगळ्या आकाराच्या पुस्तिका एकत्र आल्या की कडा वरखाली दिसतात, म्हणून कटिंग मशीनवर तिन्ही बाजूंनी बोटभर पट्टी उडवायची. साध्या पुस्तकाला त्यानं काही होत नाही, समास कोराच असतो. सोबत एक चिठ्ठी द्यायची: रंग कोणता, पाठीवर नाव काय, कडा साफ करायच्या की ठेवायच्या.

नव्या ग्रंथपालांनी माझी ट्रंक पाहिली आणि कौतुकानं म्हणाले, "हे बांधून घ्या. एवढा संग्रह, फळीवर दिसू द्या." ट्रंकेतला माल फळीवर उभा राहणार, या आनंदात मी सगळ्या पुस्तिका गठ्ठ्यात लावल्या आणि चिठ्ठी लिहिली: 'हिरवे कापड. तिन्ही बाजू साफ.'

युसूफभाई आमचे बायंडर. मोमिनपुऱ्यात दुकान. भला माणूस, हाताला कायम खळीचा आणि तिला कीड लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाचा वास. त्यांनी मुद्दाम सायकलवरून गठ्ठा परत आणला. मी त्या वेळी समितीच्या बैठकीसाठी कागद जुळवत होतो.

"साब, ये लाल किनारवाली में काठ पे कुछ लिखेला है. रखने का के उडाने का?"

मी मान वर केली नाही. "सब बराबर कर दो युसूफभाई. एक साइज दिखना चाहिए."

"देख तो लो एक बार."

"कर दो ना."

तो माणूस विचारायला आला होता. तिथपर्यंत सायकल मारत आला होता. एवढं लिहून मी थोडा थांबलो होतो. आता पुढे.

हिरव्या कापडातले खंड आले. समितीनं टाळ्या वाजवल्या. मी ते उघडून पाहिले पंधरा-वीस दिवसांनी. 'हुक मारू नये'ची पानं आता गुळगुळीत, एकसारखी होती. लाल कड नव्हती. चौदा माणसं नव्हती. मार्के तेवढे राहिले होते, सगळे शाबूत.

मी कोणाला बोललो नाही. सातातल्या सहा प्रती बाहेर आहेत, असं स्वतःला सांगितलं. त्या पावसानं, उंदरांनी, घरं बदलण्यानं कधीच संपल्या होत्या हे मला पुढे कळलं.

दोनेक वर्षांनी मुंबईहून एक संपादक आले. अशा हातानं केलेल्या पुस्तकांचा मोठा ग्रंथ निघणार होता, चित्रं, लेख आणि प्रत्येक पुस्तकाखाली करणाऱ्याचं नाव. माझ्याबद्दल त्यांनी एका साप्ताहिकात आधीच लिहिलं होतं: 'विदर्भातील एकमेव संग्राहक'. ते कात्रण मी पाकिटात ठेवत असे. विनायकनं त्यांना 'हुक मारू नये'वर लेख दिला होता. त्यात, पुस्तक माझं आहे, असं त्यानं लिहिलं नव्हतं. 'आम्ही' लिहिलं होतं. 'या पुस्तकात माणसाचं नाव कुठेच नाही, फक्त माल आहे, हेच आमचं विधान,' असं एक वाक्य त्यात होतं. संपादकांनी 'आम्ही'चा अर्थ विनायक असा घेतला आणि विनायकनं तो दुरुस्त केला नाही.

देवाच्या कानावर हे गेलं. तो आला तेव्हा संपादक माझ्यासमोर बसलेले होते. या वेळी त्यानं चप्पल काढली नाही.

"हे पुस्तक मी केलं हाय," तो त्यांना म्हणाला. "शेवटच्या पानावर माहं नाव हाय. साहेबाले इचारा. काढा साहेब."

संपादक शांतपणे म्हणाले, "नाव असेल तर प्रश्नच मिटला. आम्ही तेच छापू."

मी खंड आणला. टेबलावर ठेवला. उघडला. देवा वाकून बघत होता. त्यानं शेवटचं पान पाहिलं, मग मागचं, मग भराभर सगळी.

"काठ कुठं गेला?" तो म्हणाला. "नाव काहून नाही यात? साहेब, नावं होती ना? बापाचं होतं. तुमी वाचलं होतं."

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं: होती, मी कापली. शब्द तीन. पण समोर तो माणूस होता ज्यानं मला संग्राहक म्हटलं होतं, आणि संग्रह कापणारा संग्राहक कोणी पाहिलाय?

मी म्हणालो, "नाव असतं तर दिसलं असतं."

देवानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. मग संपादकांना म्हणाला, "बरं हाय," आणि गेला.

ग्रंथ निघाला. चित्राखाली विनायकचं नाव आलं. विनायक पुढे मोठा झाला, आता हयात नाही. त्याला मी दोष द्यायचा तर आधी माझी पाळी येते. त्यानं 'आम्ही' म्हटलं होतं, मी तर साक्षीदार होतो.

देवा येऊन गेला त्याच आठवड्यात मी मोमिनपुऱ्यात गेलो होतो. युसूफभाईंना विचारलं, "त्या लाल काठाच्या कातरणांचं काय केलं होतं?"

"फेकता कौन है साब? खाकी कागज मजबूत रहता. उसी की पीठ में चिपकाया, अंदर से. अच्छी पकड देता है." आणि मग माझं तोंड पाहून, "क्यूं? कुछ काम का था?"

"नहीं," मी म्हणालो.

म्हणजे नावं वाचनालयातच होती. त्याच खंडाच्या पाठीत, हिरव्या कापडाखाली, खळीत चिकटलेली. मला फक्त पाठ उसवायची होती आणि मुंबईला एक पत्र टाकायचं होतं. तेव्हा ग्रंथ छापायचा होता अजून. मी त्याऐवजी खंडावर एक चिठ्ठी लावली: 'जीर्ण. वाचकांस देऊ नये.' आणि तो कुलपाच्या कपाटात ठेवला. खंड अजिबात जीर्ण नव्हता. युसूफभाईंचं काम होतं ते.

देवानं पुन्हा पुस्तक केलं नाही. बाजार पुढे कळमन्याला गेला, पोती प्लास्टिकची झाली, छपाई कारखान्यातून यायला लागली. तो ट्रकवर नंबर रंगवायला लागला, असं कोणीतरी सांगितलं. मी एकदा अमरावती रोडवर एका ट्रकच्या मागचा इंग्रजी आठ पाहिला. त्याच्या दोन्ही पोटांना पुलांच्या फटी सोडलेल्या होत्या. रंगवलेल्या आकड्याला पुलांची गरज नसते.

मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणांत माझ्या संग्रहाचा उल्लेख चार वक्त्यांनी केला.

मागच्या वर्षी मृण्मयी नावाची एक मुलगी घरी आली. अशा पुस्तकांवरच शिकते. म्हणाली, "काका, याला बाहेर आर्टिस्ट बुक म्हणतात. तिकडच्या सेफ्टी पिना टोचणाऱ्या पंक संगीतवाल्यांनी केलेली सुरुवातीची पुस्तकं आता लोक शोधत फिरतात. आणि नागपुरात तर तुम्ही ती वेळेत जपलीत!" तिच्या मोबाइलवर कपाटातल्या खंडाचे फोटो होते. 'हुक मारू नये'वर ती प्रकरण लिहीत होती. शीर्षकाखाली विनायकचं नाव.

तिनं विचारलं, "एक कळत नाही. कडेला सगळीकडे लालसर डाग आहे, अगदी केसाएवढा. हे काय असावं?"

बायको स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. तिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. दोघींना तिथेच बसवून सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणून तुम्ही निरोपाचा हार घरी आणला नव्हता होय." मुलीनं वही बंद केली. म्हणाली, "पाठ उघडायची?"

वाचनालयातल्या आताच्या ग्रंथपाल बाईंनी परवानगी दिली. ओल्या फडक्यानं पाठ भिजवून, कापड सोडवून, बोथट सुरीनं त्या मुलीनं पट्ट्या एकेक वेगळ्या केल्या. माझे हात थरथरतात, मी नुसता बसलो. लाल रंगाचा तपकिरी झाला होता. वास काही उरला नव्हता, मी नाक नेऊन पाहिलं. अक्षरं होती. 'केशव'. 'महादेव'. 'गोमा रामटेके', म्हणजे देवाचे वडील. बारा नावं निघाली, दोन नाहीत. युसूफभाईंना तेवढीच पट्टी पुरली असणार. आणि शेवटी, खळीनं कडक झालेली एक पट्टी: 'देवा रामटेके यानं केलं.'

देवाचा पत्ता मिळवायला दोन महिने गेले. मृण्मयीला सोबत घेऊन गेलो. कळमन्याच्या पलीकडे, मुलानं बांधलेल्या दोन खोल्या. दारात बुद्धाची लहान मूर्ती, भिंतीवर नातवाचे रंगीत कागद. देवा पंचाहत्तरीच्या आतबाहेर, डोळ्यांना जाड काच. मला ओळखलं. बायकोला हाक मारली, "अवं, चहा ठेव वं. वाचनालयाचे साहेब आले."

ती आतून म्हणाली, "कोन, कापाकापीवाले?"

म्हणजे घरात माझं नाव ते होतं.

मी पट्ट्यांचे फोटो आणि तो खंड त्याच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं तसंच. तो ऐकत होता आणि एकेक नाव बोटानं वाचत होता. मग म्हणाला, "सोमा नाही यात. अन् लहानू."

"ती दोन निघाली नाहीत."

"लिहून घे पोरी," तो मृण्मयीला म्हणाला. "सोमा. लहानू. लहानूचा पाय मोडला होता थ्या वर्षी, तरी येत होता कामावर."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात केला.

"साहेब, मले तवाच मालूम झालं होतं."

"काय?"

"का नावं तुमच्यानं गेली. थ्या दिवशी तुमी खंड आनला, टेबलावर ठेवला, अन् उघडाच्या आधी तुमचा अंगठा काठावरून फिरला. असा." त्यानं करून दाखवलं. "पुस्तक कडेनं वाचाचं हाय हे ज्याले ठाऊक नाही, त्याचा अंगठा थिकडे जातच नाही."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीस?"

"कोनाले बोलू? टेबल तुमचं, कपाट तुमचं, आलेला पाहुना तुमचा." तो चिडलेला नव्हता. थकलेला होता, माझ्यासारखाच. "मीनं वाट पाहिली. वाटलं, येक दिवस येतीन. माय जिवंत होती तवा येत होते त बरं झालं असतं. तिले बापाचं नाव पुस्तकात पाहाचं होतं."

आतून कपबशा वाजल्या. चहा आला. देवाच्या बायकोनं माझ्यापुढे कप ठेवला आणि बाजूला उभी राहिली. मी पुन्हा म्हणालो, "मला माफ—"

"माफी नोका मांगू," देवा म्हणाला. "तुमचं काम कार्ड लिहाचं होतं ना? थे लिहा."

वाचनालयात आता कार्डं नाहीत, संगणक आहे. ग्रंथपाल बाईंनी तिथे दुरुस्ती केली आहे. पण मला संगणकावर लिहिता येत नाही, आणि हे काम दुसऱ्या हातानं व्हावं असं वाटत नाही. म्हणून इथे लिहितो. टिपेची जागा अपुरी पडायची म्हणून आम्ही पूर्वी तिथे काही लिहीत नसू. या वेळी लिहिली आहे.

कर्ता: देवा गोमा रामटेके.
शीर्षक: हुक मारू नये.
गाव: नागपूर.
पाने: पंधरा, खाकी कागद, हातशिलाई, पत्र्याचे छापे. काठांना मिरचीचा रंग.
टीप: हे पुस्तक कडेनं वाचायचं आहे. काठावर हमालांची चौदा नावं. बारा खंडाच्या पाठीत सापडली. सोमा आणि लहानू ही दोन कर्त्यानं स्मरणातून दिली. कडा तिन्ही बाजूंनी कापलेल्या. बायंडरनं विचारलं होतं. कापायला सांगणारा आणि नंतर नाव नव्हतं असं सांगणारा: श्रीधर पातुरकर, नियतकालिक विभाग.
वाचकांस द्यावे.